संगीतकार जो झाविनुल

यंदाच्या स्नेहसंमेलनांत आमच्या एका विद्यार्थ्यानें विजेवर चालणारा कीबोर्ड वाजविला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. कार्यक्रम संपल्यावर मांडवाबाहेर पालकमंडळींत एक छोटासा वाद झाला. ज्या यंत्रांत बासरीपासून ढोलापर्यंत सारे आवाज आधींच भरून ठेवलेले आहेत, त्यावर बोटें ठेवण्यास विद्या ती कसली लागते, असें कांहींचें म्हणणें पडलें. दुसऱ्या पक्षास तें मान्य नव्हतें. आम्ही त्या दिवशीं पहिल्या पक्षांत होतों, हें कबूल करणें भाग आहे. पुढें सुटींत एका वादकाचें चरित्र आमच्या वाचनांत आलें, त्याच्या कांहीं तबकड्याहि आम्हीं मिळवून ऐकल्या, आणि आमची बाजू पूर्वीइतकी बळकट राहिली नाहीं. तें चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगावें, म्हणून हा लेख.

योसेफ झाविनुल याचा जन्म ७ जुलै १९३२ रोजीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें झाला. पुढें अमेरिकेंत गेल्यावर योसेफचा जो झाला व त्याच नांवानें तो जगास परिचित आहे. व्हिएन्ना म्हटलें कीं मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट यांचीं नांवें व मोठमोठीं नाट्यगृहें डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु झाविनुलचें घर एर्डबर्ग नांवाच्या कामकरी लोकांच्या वस्तींत होतें. त्याच्याबरोबर जन्मलेला जुळा भाऊ चार वर्षांचा असतांनाच न्युमोनियानें दगावला. सहाव्या वर्षीं योसेफच्या हातीं अकॉर्डियन आलें. हें वाद्य म्हणजे आपल्या पेटीचें, गळ्यांत अडकवून वाजवावयाचें भावंडच होय. भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या लहान लहान पात्या कंप पावतात व त्यांतून स्वर निघतो, हें तत्त्व दोहोंतहि एकच. एके दिवशीं त्यास कोठून तरी बिलियर्डच्या मेजावर लावतात त्या हिरव्या कापडाचा तुकडा मिळाला. मुलानें तो अकॉर्डियनच्या आंतल्या बाजूस चिकटविला. त्याबरोबर वाद्याचा नेहमींचा उघडा स्वर नाहींसा होऊन एक दबका, घोगरा, कधीं न ऐकलेला आवाज निघूं लागला. वडील माणसांच्या दृष्टीनें हा चांगलें वाद्य बिघडविण्याचा उद्योग होता. मुलाला मात्र तो आवाज इतका आवडला कीं, म्हातारपणींहि तो ही गोष्ट हौसेनें सांगत असे. वाचकांनीं हें हिरवें कापड लक्षांत ठेवावें.

त्याची उपजत गति पाहून व्हिएन्नाच्या संगीतशाळेनें त्यास लहान वयांतच विनामूल्य प्रवेश दिला. पियानो, व्हायोलिन व क्लॅरिनेट यांचें रीतसर शिक्षण तेथें सुरू झालें. पण काळ मोठा कठीण होता. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया आपल्या राज्यास जोडला, पाठोपाठ महायुद्ध आलें, आणि शेवटीं शेवटीं शहरावर बाँब पडूं लागले. तेव्हां संगीतशाळेच्या कांहीं मुलांस चेक मुलुखांत हलविण्यांत आलें. त्यांत तोहि होता. एका सोबत्यानें तेथें एकदां पियानोवर हनीसकल रोझ ही फॅट्स वॉलर या अमेरिकन वादकाची रचना वाजवून दाखविली, आणि योसेफनें जाझ संगीत प्रथम ऐकलें तें असें. नाझी अधिकाऱ्यांच्या मतें हें संगीत हीन व त्याज्य होतें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं, म्हणजे ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून त्या देशांत आणले गेले त्यांनीं, तें निर्माण केलें. त्यांत लिहिलेली चीज थोडी आणि वादकानें आयत्या वेळीं केलेला विस्तार फार. आपल्या गवयांच्या आलाप-तानांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस याविषयीं अधिक सांगणें नलगे.

युद्ध संपलें तेव्हां तो बारा-तेरा वर्षांचा होता. व्हिएन्ना शहर अमेरिका, रशिया, इंग्लंड व फ्रान्स या चार विजेत्यांनीं वांटून घेतलें होतें. ती वांटणी १९५५ पर्यंत टिकली. अमेरिकन शिपायांबरोबर त्यांचे चित्रपटहि आले. स्टॉर्मी वेदर नांवाचा १९४३ सालचा एक बोलपट त्यांत होता. त्यांतील नटनट्या व गायक-वादक बहुतेक सारे कृष्णवर्णीय असून, ज्याची रचना योसेफनें चेक मुलुखांत ऐकली होती तो फॅट्स वॉलर स्वतः पडद्यावर पियानो वाजवीत असलेला दिसे. हा चित्रपट आपण चोवीस वेळां पाहिला, असें झाविनुल सांगे. या लोकांत जाऊन त्यांच्याबरोबर वाजवावयाचें, असें त्यानें तेव्हांच मनाशीं ठरविलें. व्हिएन्नाच्या उद्ध्वस्त गल्लींतील एका गरीब गोऱ्या मुलाची ही आकांक्षा कोणासहि वेडगळच वाटली असती.

पुढचीं दहा-बारा वर्षें आम्ही भराभर ओलांडतों. अमेरिकन शिपायांच्या क्लबांतून, नाचघरांतून, हान्स कोलर व फ्रीडरिश गुल्डा यांसारख्या नामांकित वादकांच्या साथीस बसून त्यानें नांव मिळविलें. १९५९ च्या जानेवारींत तो जहाजानें न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरला. बोस्टन येथील बर्कली या संगीतविद्यालयाची शिष्यवृत्ति त्यास मिळाली होती. पण तेथें तो कांहीं आठवडेच टिकला. मेनर्ड फर्ग्युसन याच्या वाद्यवृंदांत जागा मिळतांच त्यानें विद्यालयास रामराम ठोकला. (या भागाचें अनुकरण आमच्या विद्यार्थ्यांनीं करूं नये, एवढें मुख्याध्यापकांच्या समाधानासाठीं येथें लिहून ठेवतों.) त्या वाद्यवृंदांत वेन शॉर्टर नांवाचा एक तरुण सॅक्सोफोनवादक त्यास भेटला. दोघांची मैत्री तेथें जुळली. तिचें फळ पुढें दिसेल.

फर्ग्युसनकडून तो डायना वॉशिंग्टन या विख्यात गायिकेच्या साथीस गेला व १९६१ सालीं ज्युलियन अॅडर्ली याच्या संघांत दाखल झाला. अॅडर्लीला सारे कॅननबॉल म्हणत. हा गृहस्थ पूर्वीं फ्लोरिडांतील एका हायस्कुलांत मुलांच्या वाद्यवृंदाचा शिक्षक होता, हें आमच्या वाचकांस ऐकून बरें वाटेल. त्याच्या संघांत झाविनुल नऊ वर्षें राहिला. अमेरिकेच्या दक्षिण भागांत त्या वेळीं वर्णभेदाचा अंमल होता. गोऱ्यांच्या खाणावळींत काळ्यांस प्रवेश नाहीं, काळ्यांच्या वस्तींत गोऱ्यानें उतरावयाचें नाहीं, अशा स्थितींत एकच गोरा माणूस बरोबर घेऊन गांवोगांव हिंडणें संघासहि सोपें नव्हतें आणि त्या माणसासहि नव्हतें. ज्यांना जवळ करावें म्हणून तो समुद्र ओलांडून आला होता, त्यांनीं त्यास आपल्यांत घेतलें, ही गोष्ट त्यानें जन्मभर कृतज्ञतेनें सांगितली.

येथें त्याच्या आयुष्यांतील एक चमत्कारिक प्रसंग येतो. बॅरी हॅरिस नांवाचा एक थोर जाझ पियानोवादक होता; त्याच्या वादनाची छाप झाविनुलवर फार होती. एकदां हॅरिसनें त्यास भेटून त्याचें कौतुक केलें: रेडिओवर लागलेली तबकडी ऐकतांना हें वादन आपलें कीं झाविनुलचें, हें त्याचें त्यालाच कळेना. शिष्यानें गुरूची इतकी हुबेहूब नक्कल साधावी, याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें? दुसरा कोणी असता तर आनंदानें घरीं जाऊन पेढे वांटता. झाविनुल मात्र घरीं गेला आणि त्यानें आपला सारा तबकड्यांचा संग्रह बांधून दूर ठेवला, असें सांगतात. वीस वर्षें खपून आपण जें मिळविलें तें दुसऱ्याचें आहे, हें त्यास त्या एका शाबासकीनें कळून चुकलें. आमच्या मतें त्याच्या चरित्रांतील खरी कसोटी ही; विजेच्या वाद्यांकडे तो वळला तो यानंतर.

विजेच्या पियानोची ओळख त्यास आधींच झाली होती. डायना वॉशिंग्टनच्या दौऱ्यांत रे चार्ल्स हा अंध गायक बरोबर असे. त्याच्यापाशीं वुर्लिट्झर नांवाचा एक लहानसा विजेचा पियानो होता, त्यावर झाविनुलनें हात फिरवून पाहिला होता. या वाद्यांत तारा नसतात. पेटींत असतात तशा पोलादी पात्या असतात. मात्र त्यांस वारा न लावतां लहानशा हातोडीनें ठोकतात, आणि त्यांच्या कंपाचें विजेच्या लहरींत रूपांतर करून तो आवाज कर्ण्यांतून मोठा करून ऐकवितात. हलक्या हातानें वाजविला तर घंटेसारखा नाजूक, जोरानें वाजविला तर गुरगुरणारा असा त्याचा स्वर असतो. खऱ्या पियानोच्या अभिमानी लोकांस हें खेळणें वाटे. १९६६ सालीं झाविनुलनें त्यावर मर्सी, मर्सी, मर्सी ही रचना बसविली. कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनामंदिरांत जीं भजनें म्हणतात, त्यांचा साधा, हुंकार भरणारा ढंग तींत आहे. ध्वनिमुद्रण हॉलीवुडच्या एका स्टुडिओंत निमंत्रित श्रोत्यांसमोर झालें. तबकडीच्या वेष्टनावर मात्र शिकागोच्या एका क्लबाचें नांव छापलें गेलें. व्यापारांत असें चालतें. १९६७ च्या आरंभीं ही रचना अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत अकराव्या स्थानापर्यंत चढली. नुसत्या वाद्यांच्या जाझ रचनेस असें भाग्य क्वचितच लाभतें. आणि तिचा कर्ता व्हिएन्नाचा आहे, हें ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ठाऊकहि नव्हतें.

यानंतर माइल्स डेव्हिसचें बोलावणें आलें. डेव्हिस हा त्या काळचा जाझचा सर्वांत मानी व सर्वांत चंचल कर्णावादक. त्यासहि जुन्या वाटेचा कंटाळा आला होता. १८ फेब्रुवारी १९६९ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यानें एकाच वेळीं तीन कळवाद्यवादक बसविले: हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया व झाविनुल, तिघांपुढेंहि विजेचीं वाद्यें. झाविनुलनें इन अ सायलेंट वे नांवाची आपली एक रचना नेली होती. बालपणीं ऑस्ट्रियाच्या माळावर गुरें राखीत असतांनाच्या आठवणी तींत गुंफलेल्या होत्या, आणि तिच्याखालीं निरनिराळ्या स्वरसंगतींची दाट वीण होती. डेव्हिसनें ती वीण जवळजवळ साफ उसवून टाकली. आपल्या तंबोऱ्यासारखा एकच आधारस्वर खालीं ठेवून, त्यावर नुसती मूळ धून सर्वांनीं हळुवार वाजवावी, असें त्यानें सांगितलें. ती तबकडी जगभर गाजली. नव्या युगाचा आरंभ तेथून मानतात. पण आपल्या हातची रचना अशी सोलून निघालेली पाहून कर्त्याच्या मनाला काय वाटलें असेल? पुढल्याच वर्षीं झाविनुलनें स्वतःच्या नांवाच्या तबकडींत तीच रचना आपल्या सर्व स्वरसंगतींसह पुन्हां मुद्रित केली. आम्हीं दोन्ही ऐकल्या. झाविनुलची अधिक संपन्न आहे, तरी रात्रीं दिवा मालवून ऐकावीशी वाटते ती डेव्हिसची, असें आमचें मत आहे. वाचकांनीं आपलें आपण ठरवावें.

१९७० च्या अखेरीस झाविनुल, वेन शॉर्टर आणि प्रागचा मिरोस्लाव्ह व्हितौश या तिघांनीं वेदर रिपोर्ट, म्हणजे हवामानाचा वृत्तान्त, या नांवाचा संघ काढला. हवा जशी रोज निराळी, तसें वादन रोज निराळें, हा त्यांतील आशय. एकानें पुढें यावें व बाकीच्यांनीं साथ धरावी, ही जाझची रूढ पद्धति त्यांनीं सोडली. सर्वांनीं एकदमच बोलावें व एकमेकांचें ऐकावें, असा त्यांचा प्रयत्न होता. १९७१ सालच्या पहिल्या तबकडीच्या आरंभीं एक विलक्षण ध्वनि आहे. तो ऐकून ही कोणत्या तरी यंत्राची करामत असावी असें आम्हांस वाटलें. परंतु तेथें एकहि यंत्र नाहीं. झाविनुलनें पियानोच्या कांहीं पट्ट्या आवाज न करतां दाबून धरल्या, म्हणजे तेवढ्या तारा मोकळ्या राहिल्या, आणि शॉर्टरनें उघड्या पियानोच्या तोंडाशीं सॅक्सोफोन फुंकला. आपल्या सारंगीच्या तरफा जशा मुख्य तारेच्या स्वरानें आपोआप गुणगुणतात, तशा त्या तारा झंकारल्या. मग फुंकलेला मूळ स्वर मुद्रणांतून कापून टाकून नुसता झंकार ठेवला. हिरव्या कापडाचा मुलगा तो हाच!

यानंतर सिंथेसायझर आला. झाविनुलनें जो घेतला तो ए.आर.पी. या अमेरिकन कंपनीचा होता. आजच्या कीबोर्डाशीं त्याची गल्लत करूं नये, कारण आमची स्वतःची झालेली गल्लत तीच. त्या यंत्रांत बासरी नव्हती, ढोल नव्हता, कोणताच आवाज तयार नव्हता. विजेच्या लहरी उत्पन्न करणारे कांहीं भाग, त्या लहरी गाळणारी चाळणी, त्यांचा चढउतार ठरविणारे दांडे, आणि हे सर्व एकमेकांस जोडणाऱ्या दोऱ्या, एवढेंच काय तें सामान. कोणती दोरी कोठें खोंचावी व कोणता दांडा किती सरकवावा, हें तासन् तास बसून शोधावें तेव्हां एक आवाज सांपडे. दोऱ्या काढल्या कीं तो नाहींसा होई. बरें, एका वेळीं निघावयाचा स्वर एक, फार तर दोन. १९७२ च्या तबकडींत त्यानें या यंत्रानें अज्ञात सैनिक या नांवाची रचना केली, तींत त्याच्या लहानपणच्या युद्धाच्या आठवणी आहेत. भोंगे, धूर व मोडकीं घरें यांच्यासाठीं पियानोचा सभ्य स्वर अपुरा पडला असावा, असें ती ऐकतांना वाटतें.

१९७३ च्या स्वीटनायटर या तबकडीपासून संघानें फंक या प्रकाराकडे मोहरा वळविला. जेम्स ब्राउन इत्यादि कृष्णवर्णीय कलावंतांनीं रूढ केलेलें हें नाचाचें संगीत. त्यांत प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारा भार असतो. आपण समेवर जशी मान डोलावतों, तसे त्यांचे ढोल, गिटार, कर्णे सर्व पहिल्या मात्रेवर एकत्र येतात आणि मधल्या जागेंत लहान लहान तुकडे एकमेकांत दातेरी चाकांसारखे फिरत राहतात. स्वरसंगति थोडी बदलते, ठेका बदलत नाहीं. झाविनुलला यांत आफ्रिकेचा व गांवकी नाचाचा जिवंतपणा दिसला. व्हितौशला तें मानवेना. तो पाश्चात्य शास्त्रीय शिक्षणांत वाढलेला व मोकळ्या वादनाचा भोक्ता; एकच ठेका धरून बसणें त्यास जाचूं लागलें. संघ उभारणाऱ्या तिघांपैकीं तो एक, तरी त्यास बाहेर पडावें लागलें. झाविनुलचा स्वभाव हट्टी व कांहींसा उर्मट होता, मुष्टियुद्धाचा त्यास शोक होता, आणि व्हितौशच्या बाबतींत त्याची वागणूक उदार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. शॉर्टरहि हळूहळू मागें सरला. जसजशीं झाविनुलभोंवतीं यंत्रें वाढत गेलीं, तसतसा त्या थोर वादकाचा सॅक्सोफोन कमी ऐकूं येऊं लागला, ही तक्रार तेव्हांहि होती व ती खोटी नाहीं.

जाझच्या जुन्या उपासकांनीं तर झाविनुल बाटला, पैशासाठीं नाचगाण्यांत शिरला, असा गिल्ला केला. पैसा मिळाला हें खरें. पण पैशामागें लागलेला मनुष्य पुढील खटाटोप कशाला करील? १९७६ च्या ब्लॅक मार्केट या रचनेसाठीं त्यानें सिंथेसायझरच्या पट्ट्या उलट्या करून घेतल्या: डावीकडे चढे स्वर आणि उजवीकडे खालचे. चाळीस वर्षांची बोटांची सवय एका क्षणांत निरुपयोगी! ज्या ताना हात आपोआप घेई, त्या आतां भलतीकडेच जात. प्रत्येक स्वर नव्यानें शोधावा लागे. आमच्या शाळेंतील पेटीवर हा प्रयोग मनांतल्या मनांत करून पाहावा, म्हणजे त्यांतील धाडस कळेल. बॅरी हॅरिसच्या शाबासकीपासून जो मनुष्य पळत सुटला होता, तो आतां स्वतःच्या बोटांपासूनहि पळत होता.

१९७७ सालीं हेवी वेदर ही तबकडी आली. तींतील बर्डलंड ही रचना त्याच्या सर्व कृतींत अधिक लोकप्रिय झाली. न्यूयॉर्कमध्यें १९४९ सालीं उघडलेल्या ज्या जाझ क्लबाच्या नांवावरून ती रचना ओळखली जाते, तो क्लब चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाच्या टोपण नांवावरून काढलेला होता. त्याच ठिकाणीं झाविनुलनें थोर थोर वादक ऐकले आणि त्याची भावी पत्नी मॅक्सीन त्यास तेथेंच भेटली. मोठ्या वाद्यवृंदांतील तेरा-चौदा कर्ण्यांचा दणका त्यानें एकट्यानें, दोन हातांनीं, ओबरहाइम व ए.आर.पी. या दोन यंत्रांवर उभा केला. संघांत त्या वेळीं जाको पास्टोरियस हा फ्लोरिडाचा अद्भुत गिटारवादक होता. हा तरुण १९८७ सालीं ऐन पस्तिशींत दुर्दैवानें वारला; त्याची कथा निराळी व दुःखाची आहे. १९७८ च्या पुढल्या तबकडीस मात्र डाउनबीट या प्रसिद्ध मासिकानें पांचांपैकीं एकच तारा देऊन तिची संभावना केली. झाविनुल फार रागावला. आम्हांसहि ती तबकडी रुक्ष वाटली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

१९८६ सालीं संघ मोडला. दोन वर्षांनीं झाविनुलनें आपल्या नांवाचा नवा संघ उभारला, आणि त्यांत कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, मॉरिशस, मोरोक्को अशा देशोदेशींचे वादक येऊन गेले. माली देशाचा गायक सलीफ केटा याची १९९१ सालची तबकडी त्यानेंच सिद्ध केली. येथें आमच्या वाचकांस अभिमान वाटावा असा एक धागा आहे. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या १९९३ सालच्या क्रेझी सेंट्स या तबकडींत झाविनुल वाजविण्यास आला, आणि त्याच तबकडींत त्रिलोक यांच्या मातोश्री शोभा गुर्टू यांचा कंठ आहे. शोभाताई बेळगांवच्या; त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर याहि नामवंत गायिका होत्या. शोभाताईंची ठुमरी ज्यांनीं बैठकींत ऐकली, अशा कांहीं पालकांस ही तबकडी चमत्कारिक वाटेल. पण त्या स्वतः अशा मंडळींत संकोचल्या नाहींत.

एका प्रसंगाचें वर्णन केल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. ऑस्ट्रियांत माउटहाउझेन येथें नाझींनीं १९३८ सालीं एक छळछावणी उघडली. तेथील दगडाच्या खाणींत कैद्यांकडून मरेपर्यंत ओझीं वाहवीत. किमान ९०,००० माणसें त्या छावणींत व तिच्या शाखांत प्राणांस मुकलीं. छावणीच्या स्थापनेस साठ वर्षें झालीं त्या वेळीं, १९९८ सालीं, त्या खाणींतच मृतांच्या स्मरणार्थ संगीत करावें, अशी विनंती झाविनुलला झाली. व्हिएन्नाच्या ज्या पिढीनें हें सारें डोळ्यांआड केलें, त्या पिढीच्या अंगाखांद्यावर तो वाढलेला. तेथें त्यानें काय वाजवावें? मोठा वाद्यवृंद त्यानें घेतला नाहीं. आपलीं यंत्रें घेऊन तो उघड्या रात्रीं तेथें बसला आणि माणसांचे आवाज, पावलांचे आवाज, गाड्यांचे आवाज त्यानें त्या यंत्रांतून उठविले. ज्या वाद्यांस लोक निर्जीव म्हणत होते, तीं त्यानें या कामीं लावलीं. त्याचें मुद्रण आम्हीं एकदांच ऐकलें. दुसऱ्यांदा लावण्याचें धैर्य अद्याप झालें नाहीं.

२००४ सालीं त्यानें व्हिएन्ना येथें बर्डलंड याच नांवाचें एक संगीतगृह उघडलें. २००७ च्या जुलैंत त्यास पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं. अंगांत कर्करोग भिनलेला, तरी त्या उन्हाळ्यांत त्यानें युरोपचा दौरा घेतला. त्याच महिन्यांत मॅक्सीन वारली. हंगेरींतील वेस्प्रेम या गांवच्या कार्यक्रमांत जुना मित्र वेन शॉर्टर येऊन मिळाला, आणि दोघांनीं मिळून माइल्स डेव्हिसनें उसवलेली तीच जुनी गुराख्याची धून वाजविली. ऑगस्टमध्यें झाविनुल व्हिएन्नाच्या इस्पितळांत दाखल झाला व ११ सप्टेंबर २००७ रोजीं तेथें वारला. शहरानें त्याच्या रक्षेस आपल्या मध्यवर्ती स्मशानभूमींत सन्मानाची जागा दिली. बीथोव्हन, शूबर्ट व ब्राम्स हे त्याच आवारांत आहेत.

स्नेहसंमेलनांत वाजविणारा आमचा विद्यार्थी हल्लीं अकरावीस आहे. हा लेख लिहावयास घेतल्याचें कळतांच त्यानें ब्लॅक मार्केटची तबकडी आमच्याकडून दोन दिवसांच्या बोलीनें नेली. तिला आतां पांच आठवडे झाले.